ओढ्यापलीकडचा कर्णा

तर्जनी तोंडात घालून ओली करायची, डोक्यावर उभी धरायची आणि डोळे मिटून जरा थांबायचं. मग म्हणायचं, "आधी वारं, मग गाणं." लग्न असो की जत्रा, लाउडस्पीकरचा कर्णा झाडाला बांधण्याआधी वडूजचे स्पीकरवाले मामा एवढं करणारच. सायकलच्या मागे मशीन, पुढे बॅटरी, खांद्याला रेकॉर्डींची पत्र्याची पेटी, असा स्पीकरवाला तुम्हीही पाहिला असेल. पण वाऱ्याची इतकी अदब राखणारा मला तरी दुसरा भेटला नाही.

ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचेच होते. कुणी आडून जात विचारली, तर म्हणायचे, "मोठ्यानं बोलणाऱ्याची."

आमच्या घरात जुन्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे, कारण दुसरं कुठलंही काम मी धड केलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मात्र मला चक्क एक काम मिळालं. माझे चुलते, आबा, गावचे सरपंच होते. विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. तो कधी येईल याचा नेम नाही, त्याचा हॉर्न मेलेला, आणि ड्रायव्हरला पुढची गावं गाठायची घाई. म्हणून पंचायतीने मामांचा स्पीकर भाड्याने घेतला. चावडीपुढच्या लिंबावर कर्णा चढला आणि खाली माईकपाशी मी बसलो. मी कॉलेज अर्धवट सोडून परत आलो होतो, तेव्हा माझं बोलणं तरी शुद्ध झालं असेल, अशी आबांची आशा.

टँकर दिसल्यावर मी घसा साफ करून म्हणालो, "ग्रामस्थांना विनम्र सूचना, टँकरचे आगमन होत आहे."

कुत्रंसुद्धा उठलं नाही. मामा पोट धरून हसले. "आगमन? गणपती हाय व्हय त्यो? सरक तिकडं."

त्यांनी पेटीतून एक रेकॉर्ड काढून लावली. हिंदी सिनेमातलं गाणं, त्या साली प्रत्येक वरातीत आणि हॉटेलात वाजणारं. शब्दांचा अर्थ आमच्याकडे कुणाला लागत नव्हता, पण चाल अशी की म्हशीनेही मान हलवावी. त्या दिवसापासून ते गाणं म्हणजे पाणी. पहिला सूर निघाला की बाया चुलीवरचं तसंच टाकून घागरी घेऊन धावायच्या. माझं काम पुन्हा गेलं. रेकॉर्डीवर सुई ठेवण्यापुरता मी उरलो.

मग एके दुपारी टँकर रिकामा होऊन निघून गेल्यावर एक म्हातारी घागर घेऊन आली. ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतली. गाव त्या वस्तीला तेव्हा जे नाव घ्यायचं, ते मी इथे लिहीत नाही. हिला तिथे सगळे थोरली म्हणत. मामांनी विचारलं, "आवं, उशीर का केला? गाणं आईकलं न्हाई?"

"गाणं?" थोरली म्हणाली. "लगीन कुनाचं हाय?"

मामांचं हसू तिथेच थांबलं. मला गाणं लावायला सांगून ते कोरडा ओढा ओलांडून वस्तीत गेले. बराच वेळ तिकडेच उभे होते. कर्ण्याचं तोंड गावाकडे, वाराही गावाकडेच वाहणारा; तिथवर सूर पोचतच नव्हता. परत आले आणि स्वतःच सुई उचलून गाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी वडूजहून दुसरा कर्णा आणला आणि त्याच लिंबावर ओढ्याकडे तोंड करून बांधला.

मी म्हणालो, "मामा, ह्याचं भाडं पंचायत देणार नाही."

"मागितलंय कुनी?"

आता टँकरपाशी दोन्हीकडच्या बाया येऊ लागल्या. वस्तीतल्या चपळ, पुष्कळदा त्याच पुढे असत. गावाला हे सोसेना. आबा चावडीवर येऊन लिंबाकडे बघत राहिले.

"मामा, त्यो पल्याडचा कर्णा काढा."

"का? आवाज फाटतुया का?"

"आवाज न्हाई, गाव फाटतंय. आमच्या बाया मागं ऱ्हात्यात."

"मग जरा जोरात पळा म्हणावं."

"थट्टा नगं. झाड पंचायतीचं हाय."

मामांनी मान डोलावली, लिंबावर चढले आणि कर्णा सोडून खाली दिला. मग दुसराही सोडायला लागले.

आबा ओरडले, "आवं, एकच काढा म्हणलं!"

"जोड हाय आबा. जोडीतला एक बैल इकून नांगरट हुती व्हय?"

दुष्काळात लग्नं थांबलेली, जत्रा गप्प. पंचायतीचं भाडं हीच त्यांची त्या वर्षीची भाकरी होती, हे आबांना ठाऊक होतं, मलाही. मामा सायकल हाकत निघून गेले. जाताना घंटीसुद्धा वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी गाव मुकं होतं. मी पुन्हा बेकार होऊन लिंबाखाली पडलो होतो. डोळा लागत होता, तोच ओढ्याकडून ते गाणं आलं.

वाटलं, मामा परतले. पण ह्या गाण्याला बाजा नव्हता, पेटी नव्हती. नुसते बायांचे गळे. हिंदी शब्दांचं पार भरीत झालेलं, आणि चाल तंतोतंत! थोरली सकाळपासून पलीकडच्या माळावर बसून रस्ता बघत होती. लांब धुरळा दिसताच तिने तोंड उघडलं, आणि खाली अख्ख्या वस्तीने ते गाणं उचललं. गुपचूप येऊन त्यांना सगळं पाणी भरून नेता आलं असतं. पण ओढा ओलांडून, चढ चढून, घागरी डोक्यावर घेऊन त्या गातच आल्या. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही हे लिहिताना आला.

गाव धावत सुटलं. आमची काकू अनवाणी पळाली. टँकरपाशी वस्तीतल्या बाया रांगेत उभ्या होत्या. थोरली काकूला म्हणाली, "ये बाई, हुबी ऱ्हा. दम खा आधी."

आबांनी विचारलं, "एवढा गळा काढून कशाला आलीस गं?"

"मामांच्या दोन कर्ण्यांची दोनीकडं तोंडं," थोरली म्हणाली. "आमाला एकच तोंड. म्हणून लय मोठ्यानं म्हणलं."

आबांनी काकूच्या हातातली घागर घेतली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "वडूजला जा. म्हणावं, दोनी कर्णे घिऊन या." याहून जास्त शब्दांत आबांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही.

वडूजच्या बाजारात मामा भेटले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सुरात हुत्या?"

"मला कुठं सुरातलं कळतंय!"

"मग म्हणून दाव."

भर बाजारात मी गायलो. भाजीवाली हसली, एक बैल बुजला. मामा मात्र पेटीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते. मग डोळे पुसत म्हणाले, "येतो उद्या." पेटी उघडून त्यांनी ती रेकॉर्ड माझ्या हातात दिली. "ही थोरलीला दे."

"तिच्याकडं मशीन कुठाय?"

"तिला मशीन कशाला रं?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही कर्णे पुन्हा लिंबावर चढले. टँकरसाठी मामा आता दुसरं गाणं लावायचे. ते का, हे कुणी विचारलं नाही.

पुढे पाऊसपाणी झालं. काही वर्षांनी मामा गेल्याचा निरोप वडूजहून आला. तो सांगायला मी थोरलीकडे गेलो. आता तिला दिसत नव्हतं. निरोप ऐकून ती उठली, चाचपडत भिंतीपाशी गेली आणि खुंटीवरची मामांची ती रेकॉर्ड काढली. दोन्ही तळव्यांमध्ये अलगद कडेने धरली, वरच्या खाचांना बोटही न लावता. रेकॉर्ड अशी धरायची असते, हे तिला कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. पदराने तिच्यावरची धूळ टिपली, आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिली.