एका घरातली एकच बाई

गिरणी संपात बुडाली, सासरे घरी बसले, आणि त्यानंतर सरकारला आमची आठवण झाली. मालाडला आमच्या चाळीमागच्या समाजमंदिरात बायकांसाठी शिवणवर्ग निघाला. शिकवणं फुकट, वर महिन्याला थोडं विद्यावेतन आणि शेवटी सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र. मला हाव होती ती त्या प्रमाणपत्राची. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत शर्टांचे कारखाने बायकांना घेत, पण प्रमाणपत्र नसलं की धागे कापायला बसवत. मला मशीनवर बसायचं होतं.

एवढं सगळं फुकट असून वर्गाला बायका मिळेनात. फुकट देतायत म्हणजे नक्की काहीतरी गडबड असणार, असं अर्ध्या चाळीचं मत होतं. तुकडी भरली नाही तर अनुदान परत जाणार होतं. शेवटी शिकवणाऱ्या बाई आमच्या घरी आल्या आणि चहा पिता पिता त्यांची नजर माझ्या सासूबाईंवर पडली. अडचण एकच, एका घरातली एकच बाई असा नियम होता आणि माझं नाव आधीच लागलं होतं.

"त्यात काय एवढं? तुम्हाला नणंदेच्या पत्त्यावर दाखवू," बाई सासूबाईंना म्हणाल्या. "फक्त वर्गात एकमेकींना ओळख देऊ नका हं."

सासूबाई तोंड वाकडं करून आल्या आणि बघता बघता तिथल्या मालकीणबाई झाल्या. आधी मशीनचं चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा, मग त्या मशीनला मालवणीत अस्सल शिव्या घालायच्या. शिवण सरळ आली की त्याच मशीनला थोपटून शाबासकी द्यायच्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला कधी ती मिळाली नव्हती. मला मशीनचा चक्क हेवा वाटायचा.

भाकऱ्या थापतानाही त्यांचा विषय तोच. "ह्येंका शर्ट शिवतलंय," त्या सांगायच्या. "कॉलरचो." सासरे घरी बसल्यापासून जुनेरंच घालत होते, ते त्यांना बघवत नव्हतं. त्यांच्या शर्टाची पाठ आणि बाह्या वर्गात शिकून झाल्या होत्या. कॉलर पुढच्या आठवड्यात येणार होती.

त्याआधी तपासणीचे साहेब आले. बाईंनी मला पुढच्या मशीनवर बसवलं, हात स्वच्छ चालतो म्हणून. सासूबाई रॉकेलच्या रांगेत अडकल्या होत्या. साहेब माझ्या डोक्याशी उभे राहून टीप बघत होते, तेवढ्यात त्या दारातून आत आल्या.

पुढचं माझ्या हातापायांनी केलं, मी नाही. सासू आत आली की सुनेनं बसून राहायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाय पायट्यावरून सुटला, पदर डोक्यावर गेला, मी उठून स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "आई, बसा."

"या कोण तुमच्या?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही," मी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाले.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा वर्गच खिदळायला लागला. शिकवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"कोनी नाय कसा?" सासूबाई माझ्यावर कडाडल्या. मग साहेबांकडे वळल्या. "सून हा माजी."

साहेब वाईट नव्हते. तुकडी बंद करणार नाही म्हणाले, पण दोघींपैकी एक नाव कमी करावंच लागेल. कोणाचं, ते तुम्हीच सांगा.

नाव माझंच राहावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं, आणि शेजारच्या मशीनवर तो बिनकॉलरचा शर्ट पडला होता. मोठेपणा करून 'माझं काढा' म्हणावं, तर तोंड उघडेना.

"माजा काडा," सासूबाई म्हणाल्या. "ती कामाक जातली. माका खय जावचा हा?"

त्यांनी शर्टाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि गेल्या. जाताना मशीनकडेसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी बाईंनी कॉलर आठवडाभर आधीच शिकवायला घेतली, साहेबांना वर्गाची प्रगती दाखवायची म्हणून. मी रडत रडत कापली, तरी ती नीट बसली.

संध्याकाळी घरात पाय टाकायचा धीर होत नव्हता. सासूबाईंनी माझं ताट वाढून ठेवलं होतं. त्या स्वतः जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, कात्री घेऊन बसल्या होत्या आणि सासरे शेजारी मान ताठ करून, गळ्याचं माप द्यायला तयार.

"जेवन घे बेगीन," त्या वर न बघता म्हणाल्या. "मगे आज काय शिकवल्यानी ता सगळा माका शिकय."