शुक्रवारी आलेला रविवार

मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली आमची रविवारची प्रार्थना, मिस्साही, शुक्रवारीच. ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकदा मिस्सा आटोपून मी शहरातल्या रुवी भागात, रविवारच्याच थाटात, चिकन शवर्मा खात उभा होतो. शेजारी एक तरुण आयरिश मुलगी चण्याचं फलाफल मागत होती. नाक उन्हाने सोललेलं, केसांत पेन खोचलेलं.

"चिकन घे, छान आहे," मी म्हणालो.

"उपवासातल्या शुक्रवारी मांस? कॅथलिक आहे मी."

माझा घास गालातच अडकला. मीही कॅथलिक, तोही वसईचा.

"मग मिस्साला दिसली नाहीस?"

"छे, मी देव मानत नाही." माझा फुगलेला गाल पाहून तिला हसू फुटलं. "गिळून टाका. मी त्याला सांगणार नाही, तो आहेच कुठे?"

मला इतकं हसू आलं की घास आपोआप पोटात गेला.

पुढे फादरांपाशी पापनिवेदनात मी घास कबूल केला. हसणं मात्र अजून कबूल केलेलं नाही.