रेडिओचाचा आणि दोन पाहुणे

रेडिओचाचा कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावत. शिकवता शिकवता मधेच उठत, एखाद्या मशीनपाशी वाकून डोळे मिटत आणि म्हणत, "हा डिस्कवर लिहितोय. कुणी सांगितलं याला?" मूळचे पूर्णगडचे. जहाजावर वीस वर्षं रेडिओ ऑफिसर होते, म्हणून हे नाव. दोन हजार सहा-सातच्या सुमारास रत्नागिरीतल्या आमच्या क्लासमध्ये ते सर्व्हर शिकवत.

खरा सर्व्हर क्लासकडे नव्हता. चाचा एकाच कॉम्प्युटरच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे दोन कॉम्प्युटर, चालवत. त्यांना ते पाहुणे म्हणत. दुसरा पाहुणा सुरू झाला की डिस्क घरघरू लागे आणि एक खिडकी उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन होई.

परीक्षक आठ दिवसांनी मुंबईहून येणार होते आणि या वेगात परीक्षा होणं शक्य नव्हतं. क्लासचे मालक म्हणाले, "जमत नसेल तर बॅच बंद करू. मुलांनी कोल्हापूर गाठावं." आम्ही आठ जण होतो. मला लांज्याच्या आतल्या गावातून बाबांनी रत्नागिरीपर्यंतच कसंबसं सोडलं होतं. कोल्हापूर म्हणजे घरी बसणं.

"दोन दिवस द्या," चाचा म्हणाले. "तोवर काही विकत घेऊ नका आणि काही बंदही करू नका."

आधी त्यांनी दोन्ही पाहुण्यांची मेमरी कमी केली. "यांना सगळं वाढलं, यजमान कॉम्प्युटर उपाशी." थोडा फरक पडला. घरघर राहिलीच. दुसऱ्या दिवशी त्यांना पाहुण्याच्या फोल्डरमध्ये एक फाइल दिसली, बरोब्बर त्याच्या मेमरीएवढी. "हा डोक्यात ठेवायचं तेही डिस्कवर उतरवून काढतोय," ते म्हणाले. अशी फाइल बनवू नकोस, एवढं सांगणारी एक ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये घालायची होती. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"मी?"

"जुनी प्रत काढून ठेव. मग काय बिघडतंय?"

मी ओळ लिहिली. स्पेलिंग तीनदा तपासलं. दोन्ही पाहुणे सुरू झाले. सतत पेटलेला डिस्कचा दिवा आता अधूनमधून लुकलुकू लागला. चाचांनी कान लावला आणि म्हणाले, "हं." याहून मोठा आनंद त्यांनी कधी दाखवला नाही.

आठही जण पास झालो. मालकांनी स्वतःच्या फोटोसह बोर्ड लावला. चाचांनी तो पूर्ण वाचला आणि 'व्हर्च्युअल'मधला रफार चुकल्याचं सांगितलं.

पुढच्या वर्षी ते पूर्णगडला परतले. बॅच माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर सुरू होईना. मी घाबरून फोन केला. चाचा एसटीने आले, मांडीवर पिशवी घेऊन मागच्या बाकावर बसले. मशीनपाशी फिरकलेही नाहीत. मी अर्धा तास घाम गाळला. शेवटी सर्व्हर सुरू झाला.

"चाचा, तुम्ही आलात म्हणून झालं."

"मी आलो तेव्हा बंद होतं. अर्धा तास मी इथेच होतो, तरी बंदच होतं," ते म्हणाले. "मग तू चालू केलंस." आणि गाडी चुकेल म्हणून उठले.

त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. तास पूर्ण केला. मुलं गेल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसले.