फडात आलेले फादर

तमाशाच्या फडात किस्से गोळा करावे लागत नाहीत. तंबूवर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. मी सातवीत शाळा सोडली. आता तुणतुणं घेऊन मागे उभा राहतो आणि सूर धरतो. चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून लिहितो.

चोपड्याला आमचा मुक्काम होता. रंगरंगोटी चालू असताना एक लांब दाढीचे, पांढऱ्या झग्यातले फादर थेट राहुटीत शिरले. सगळे गार! फादर ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, "तुमच्यात कोणी आजारी आहे का?"

आजवर अशी विचारपूस करायला फक्त पोलीसच आले होते!

*

त्या संध्याकाळी फादर पुढच्या रांगेत! गवळणीत मावशी होणारे आमचे नाना चेकाळले. "ओ फादर, तुमना झगा, मनं लुगडं. बठ्ठं सारखंच शे!"

माझं तुणतुणं थांबलं. लोकांचा श्वासही.

फादर उठून म्हणाले, "एक फरक आहे, मावशी. झग्यावर दाढी शोभते. लुगड्यावर नाही!"

नानांचा हात हनुवटीवर गेला. त्या दिवशी ते दाढी करायला विसरले होते!

*

धुळ्याला फादर पुन्हा आले. त्यांना बघून आमच्या हलगीवाल्या दौलतभाऊंनी सदऱ्यातून एक छोटा क्रूस काढला. बारा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, कोणाला पत्ता नव्हता!

"दौल्या, तू तर रोज गणपतीला हात जोडस ना रे?" नाना ओरडले.

दौलतभाऊ नानांना बाजूला सारून पुढे झाले. फादरांना म्हणाले, "लहानपणी मिशनच्या शाळेतून पळालो. तीस वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. मरायच्या आधी एकदा येशूपुढे वाजवू द्या."

*

फादरांच्या चर्चमधले गाण्याचे म्हातारे मास्तर भडकले. "तमाशाची हलगी आत आली तर आम्ही बाहेर!"

फादर म्हणाले, "मग दारं उघडी ठेवू. बाहेरही छान ऐकू येईल!"

मास्तर आतच थांबले. पण बजावलं, "एक चूक झाली, की हा माणूस पुन्हा दारात दिसायचा नाही."

*

नाताळची सकाळ. कडाक्याची थंडी. मिस्साच्या प्रार्थनेआधी गाणं सुरू झालं. दौलतभाऊंनी पहिली थाप मारली आणि हलगी नुसती 'भद्द' वाजली. गारठ्यात कातडं ढिलं पडतं. फडात आम्ही ते जाळावर शेकून घेतो. दौलतभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सरळ वेदीपाशी गेले, आणि हलगी मेणबत्तीवर धरली!

बायकांनी तोंडावर पदर घेतले. मास्तर ताडकन उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा फादर वेदीवरची दुसरी मेणबत्ती हातात घेऊन हलगीखाली वाकले होते.

"दौलतभाऊ, जरा फिरवा. ही कड अजून गार आहे."