काकांचा बँड

मी शिकलो ते सुदामकाकांमुळे. एकतारीवर स्वतःची गाणी गाऊन त्यांनी मला कॉलेजात पाठवलं.

परवा ऑफिसात वायर जळाली आणि त्या वासासरशी गुढियारी वस्तीतली जयंतीच्या कार्यक्रमाची संध्याकाळ आठवली. काका पहिल्यांदाच ड्रम-गिटारवाल्या पोरांचा बँड घेऊन स्टेजवर उभे होते. आमच्या वस्तीत गाण्याचं धृपद, ती परत परत येणारी ओळ, नेहमी समोर बसलेले लोक म्हणत. त्या दिवशी ते बँडच्या पोरांनी म्हटलं.

"आमची ओळ काहून खाल्ली बे?" कुणीतरी ओरडून दगड मारला. खुर्च्या फुटल्या, स्पीकर पेटला, काकांच्या कपाळातून रक्त उडालं. त्यानंतर ते गायलेच नाहीत.

तेव्हा लोक मला जनावरं वाटले. आज वाटतं, त्यांचंच गाणं हिसकावलं गेलं होतं.

काल लिहिलं: "काका, पुन्हा गा. बँडही घ्या. फक्त धृपदाला ड्रम थांबवा. ते मी लोकांसोबत समोर बसून म्हणतो."