डंडॉकमधलं गुप्त मतदान

प्रल्हादराव छत्तीस वर्षं नागपूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्कांचा विषय, त्याला ना मास्तर विचारतात ना पोरं! यांना मात्र त्याचं भारी वेड. मॉन्टेस्क्यू, लॉक या राज्यशास्त्राच्या पंडितांची नावं ते सोयऱ्याधायऱ्यांसारखी घेत. बायको गेल्यावर २०१५ साली मुलगा आशिष त्यांना आयर्लंडमधल्या डंडॉकला आपल्या घरी घेऊन आला. अर्जांवर अर्ज करून त्यानं त्यांना इथं ठेवून घ्यायची परवानगी मिळवली. हे श्रेय त्याचं, ते नाकारून चालायचं नाही.

डंडॉकमध्ये मास्तरांना विद्यार्थिनी एकच, नात रेवा. तिला त्यांनी अमेरिकेची राज्यघटना घरातच मांडून दाखवली. नियम रेवानं करायचे, राबवायचे सून अश्लेषानं, आणि भांडण झालं तर निवाडा आजोबांचा. "तिन्ही सत्ता एकाच्या हाती गेल्या की संपलं बाप्पा," ते म्हणत. सुट्टीत कुठं जायचं, रविवारी काय जेवायचं, सगळं गुप्त मतदानानं ठरे. जन्मभर इलेक्शन ड्युटी केलेला माणूस! चहाचा रिकामा डबा चौघांसमोर उलटा करून दाखवल्याशिवाय चिठ्ठी टाकू देत नसे. आशिष हसत हसत हरायचा, आणि म्हातारा तिथंच फसला. पिठलं की पिझ्झा यात हरणारा मुलगा सगळ्यातच मतदान मानेल, असं ते धरून चालले.

२०१८च्या एप्रिलमध्ये आशिष म्हणाला, "बाबा, ऑफिस मला अमेरिकेला पाठवतंय. बायको-मुलीला नेता येतं. आईवडिलांना नाही."

नागपुरात प्रल्हादरावांचं कोण होतं? कुलूपबंद फ्लॅट. पण तोंडानं म्हणाले, "काऊन एवढा घाबरतोस? मत घेऊ."

आशिषनं अश्लेषाकडे पाहिलं. "घेऊ की," तो म्हणाला.

रविवारपर्यंत म्हाताऱ्यानं तोंडातून ब्र काढला नाही. मतदारावर दबाव आणू नये म्हणे! अहो, एकदा तरी म्हणायचं होतं, मला एकट्याला टाकून जाऊ नका. तेवढंही म्हणाले नाहीत. रेवाच्या मतावर भिस्त ठेवून बसले. दोन-दोन मतं पडली तर आहे तेच चालू राहील, असा नियम होता.

रविवारी डबा उघडला. तीन चिठ्ठ्यांवर 'जायचं', एकीवर 'नाही'. ती एक कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रल्हादरावांनी निकाल रीतसर मोठ्यानं वाचला. मग मान खाली घातलेल्या रेवाला म्हणाले, "रडतेस कशाला, बेटा? तुला पटलं ते तू लिहिलंस. यालाच लोकशाही म्हणतात."

"बट इट वॉज ऑलरेडी डन, आजोबा," रेवा हुंदके देत म्हणाली. "डॅड साइन्ड इट इन मार्च. आय हॅव अ स्कूल देअर अँड ऑल."

"रेवा!" अश्लेषा ओरडली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"मार्चमध्ये?" प्रल्हादराव आशिषकडे वळले. "मंग हे मतदान कायले केलं बे?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, बाबा. आम्ही विचारलंच नाही, असं वाटायला नको."

बोगस मतदान त्यांनी आयुष्यात कमी पाहिलं नव्हतं. एकदा गुंडांनी त्यांच्या हातून पेट्या ओढून नेल्या होत्या. पण त्या हरामखोरांनी, मास्तर, हे तुमच्याच सुखासाठी, असं काही म्हटलं नव्हतं.

"माझं तिकीट कधीचं?" त्यांनी विचारलं.

आशिषनं कपाटातून कागद काढून दिला. एकोणीस जूनचं, डब्लिन ते नागपूर. तेही मार्चमध्येच काढलेलं. खाली प्रल्हादरावांच्या नावापुढे व्हीलचेअर मागितलेली होती.

"एअरपोर्टवर सोपं जातं, बाबा. लायनीत उभं राहावं लागत नाही."

प्रल्हादराव रोज सकाळी तीन मैल चालत होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बरं."