साताऱ्याच्या बाईची पत्रं

चारुशीलाचं अक्षर सुरेख होतं, आणि सत्त्याण्णव साली तिला नोकरी लागली ती त्या अक्षरावरच. साताऱ्यात पोवई नाक्यापासून जरा पुढे लालासाहेबांचं मोटारसायकलींचं दुकान होतं. छापलेली जाहिरात लोक वाचत नाहीत, हातानं लिहिलेलं पत्र मात्र कुणी फेकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. कोरेगाव, वडूज, दहिवडीकडे माणसं हिंडवून त्यांनी याद्या करून घेतल्या. कोण रिटायर झालं, कुणाच्या हातात नुकता पैसा आला, कुणाचं काय दुखतं. चारुशीलानं रोज पंधरा-वीस आंतरदेशीय पत्रं लिहायची, दुकानाचं नाव मजकुरात ओझरतं घ्यायचं आणि खाली स्वतःची सही करायची.

“बाईमाणसानं विचारपूस केली की गिऱ्हाईक विरघळतंय,” लालासाहेब म्हणायचे.

चारुशीलाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट पत्र वाचून कुणी गाडी घ्यायला आलं की तिला मनातून बरं वाटायचं.

माण तालुक्यातल्या एका वाडीवरचा धुळा त्या यादीत होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. लष्करात स्वयंपाकी म्हणून वीस वर्षं काढून पेन्शनवर घरी आलेला. नावापुढे शेरा होता, ‘गुडघा दुखतो, तरी चालत जातो.’ चारुशीलानं लिहिलं, ‘हवालदारसाहेब, देशासाठी झिजलेल्या गुडघ्याला आता तरी आराम द्या.’

धुळा हवालदार नव्हता. त्याला आजवर कुणी साहेबही म्हटलं नव्हतं. महिन्याभरात तो साताऱ्याला येऊन गाडी घेऊन गेला. चारुशीला तेव्हा मागच्या खोलीत लिहीत बसली होती, तिनं त्याला पाहिलंही नाही. पुढे नेमाप्रमाणे तिनं त्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मग फुकट सर्व्हिसिंगचं, ‘अमुक तारखेला जरूर या, आम्ही वाट पाहतो.’

फेब्रुवारीत एक दिवस दुकानात एक बाई आली. कपाळ मोकळं, पायांवर धूळ. “चारुशीला कोन हाय?” तिनं विचारलं.

“मी. बसा ना मावशी.”

ती बसली नाही. पदराच्या गाठीतून तिनं चार पत्रं काढून टेबलावर ठेवली. “मी हरणाबाई. धुळाची बायकू. त्यो गेला.”

सर्व्हिसिंगच्या दिवशी साताऱ्याला येतानाच दहिवडीच्या अलीकडं वळणावर खडीवरून गाडी घसरली होती. धुळा जागीच गेला. चौथं पत्र पोचलं ते त्याच्या बाराव्याला. जमलेल्या लोकांत कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, ‘आम्ही वाट पाहिली. आपण आला नाहीत.’

“समदी वाडी म्हनती, तुला भेटायलाच निगाला हुता,” हरणाबाई म्हणाली. “मला बी तसंच वाटलं. पत्रं पेटीत जपून ठिवायचा. त्या दिशी मी त्येला भाकर बी दिली न्हाई. म्हनलं, जावा, तिकडंच जेवा.”

“मावशी, मी त्यांना कधी बघितलंच नाही,” चारुशीला म्हणाली.

“मग गुडघ्याचं कसं ठावं?”

“यादीत होतं.”

तिनं फाइल काढून इतरांना लिहिलेल्या पत्रांच्या नकला दाखवल्या. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, पण एकसारख्या ओळी तिनं बोटानं चाचपल्या. मग म्हणाली, “म्हंजे त्येच्यात कायच नव्हतं. मी उगंच भांडले.” टेबलावरची पत्रं परत पदरात बांधत म्हणाली, “वाडीवर येऊन एवडं सांगशील?”

लालासाहेबांनी बजावलं, “दुकानाचं नाव तिथं काढू नगंस.” तरी रविवारी चारुशीला एसटीनं गेली. सोबत दहा-वीस नकला घेतल्या, म्हणजे लोकांना पटेल.

अंगणात माणसं गोळा झाली. धुळाची आई बयाबाई भिंतीला टेकून बसली होती. चारुशीलाला बघताच ती किंचाळली, “आली बगा! मेल्यावर तरी तोंड दावलंस.”

चारुशीलानं सगळं सांगितलं. दुकान, पगार, याद्या. नकला हातोहात फिरल्या. एकानं दोन-तीन वाचल्या आणि हसून म्हणाला, “लय जनांना लिवती की रं ही!” बाकीचेही हसले. पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही.

हरणाबाई तिला सडकेपर्यंत पोचवायला आली. “मला पटलंय,” ती म्हणाली. “पन मला एकटीला पटून काय उपेग? तू आली नसतीस तरी चाललं असतं, बाई.”

पावसाळ्याआधीच हरणाबाई सासर सोडून भावाकडे निघून गेली. पेन्शनचे कागद घ्यायला तेवढी एकदा परत आली, तेव्हा बयाबाईनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

चारुशीलानं नोकरी सोडली. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती सांगलीला गेली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तिला एक आंतरदेशीय पत्र दाखवलं. अक्षर कुणा दुसऱ्या मुलीचं होतं. मास्तरांच्या दम्याची चौकशी होती. खाली सही होती, ‘चारुशीला’.

ती तशीच दुकानात गेली. पत्रांवरून माझं नाव काढून टाका म्हणाली.

लालासाहेब पावती फाडत होते. त्यांनी मान वर केली नाही. “तुझ्या एकटीचंच नाव हाय का ते?” ते म्हणाले.